शाळेतलं कपाट, त्याचं कुलूप आणि गोष्टीखालचं तात्पर्य

रानपाखरू (१२ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहिणारे, चहा घेऊन बसा.

यंदा माझं नाव मुलाच्या जि.प. शाळेच्या व्यवस्थापन समितीत घातलंय. (दुसरं कुणी तयार नव्हतं, फार कौतुक नको.) परवा मीटिंग संपल्यावर ऑफिसात बसलो होतो तर कोपऱ्यात एक लोखंडी कपाट, वर ऑइलपेंटने 'ग्रंथालय', कडीला कुलूप, आणि चावी कुठली ते शोधण्यातच दहा मिनिटं गेली. आत ३१२ पुस्तकं. म्हणजे रजिस्टरला तेवढी आहेत, मी काही मोजली नाहीत. बहुतेक कोरी. एक उघडलं तर पानं एकमेकांना चिकटलेली, सुटताना टर्रकन आवाज. दुसऱ्यात पुरवठादाराचं चलन घडी घालून तसंच ठेवलेलं, तारीख सहा वर्षांपूर्वीची. सहा वर्षं ती गोष्ट पोरांच्या वर्गापासून वीस पावलांवर होती आणि कुणी वाचली नव्हती.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही हो. पोरांना जीव लावणारे आहेत. म्हणाले, "ताई, फाटलं-हरवलं तर जबाबदारी कुणाची? बदली झाली की चार्ज मोजून द्यावा लागतो."

मी हट्टाने सही करून एक पातळ पुस्तक घरी आणलं. माकडाची गोष्ट होती, बरी होती. माझं तिसरीतलं पोरगं पालथं पडून खिदळत वाचत होतं. शेवटच्या पानावर चौकट, 'या गोष्टीतून तुम्ही काय शिकलात?' आणि खाली पाच रिकाम्या ओळी. त्याने पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "हात्तिच्या, अभ्यास होता होय."

तर दोन प्रश्न. एक, बालसाहित्याने मुलं घडतात, समाज बदलतो असं आपण भाषणात कायम ऐकतो, तुमच्या डोळ्यादेखत असं काही झालंय का? खरंखुरं सांगा, भाषण नको. आणि दोन, हे कपाट उघडायचं कसं?


शाईपेन

"अभ्यास होता होय" ला आपला साष्टांग. पोराला सांगा, समीक्षक होशील.


टाचणी

जागा धरून ठेवतो. रात्री निवांत लिहितो.


निवृत्त_गुर्जी

रानपाखरू ताई, तुमच्या मुख्याध्यापकांवर रागावू नका. मी ३१ वर्षं नोकरी केली, शेवटची आठ केंद्रप्रमुख म्हणून, आणि अशी कपाटं मी स्वतः बंद केलेली आहेत. कबूल करायला लाज नाही.

सुरुवातीला मी उघडंच ठेवायचो. पोरं घरी न्यायची, परत आणायची, चिकट हातांनी, कव्हर गायब, चालायचंच. मग तपासणी झाली आणि जडसंग्रह नोंदवहीत, आपण डेडस्टॉक म्हणतो ते, चार पुस्तकं कमी भरली. रक्कम काय असेल, चहापाण्याची. पण तपासणी अहवालात ओळ आली, खुलासा मागवला, ऑफिसच्या तीन चकरा झाल्या. तिसऱ्या चकरेहून येताना मी बाजारातून कुलूप घेऊन आलो. खुर्ची, टेबल, घंटा आणि गोष्टीचं पुस्तक एकाच वहीत लिहिलेलं असतं हो. खुर्ची वापरून झिजली तर कुणी विचारत नाही, पुस्तक झिजलं की मात्र गुरुजी निष्काळजी.

मार्ग आहे. पुढे सांगतो, आधी बाकीच्यांचं वाचू दे.


भातुकली

गुर्जी, प्रामाणिक लिहिलंत, आवडलं.

कुलूप कधीचं ते ठाऊक नाही पण चौकट मात्र फार जुनी आहे. मराठीत मुलांसाठी छापलेल्या पहिल्या पुस्तकांतली दोन म्हणजे सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं 'बाळमित्र' आणि त्यांच्याच इसापाच्या कथा, दोन्ही १८२८च्या. ही पुस्तकं निघाली कशासाठी, तर नव्या शाळांना वाचायला काहीतरी हवं म्हणून. 'बाळमित्र' तर मूळ फ्रेंच, तिथून इंग्रजीत, तिथून मराठीत. म्हणजे आपलं छापील बालसाहित्य जन्मलंच शाळेच्या ओसरीवर, आणि जन्मतः त्याच्या हातात छडी होती. आज्जीची गोष्ट मात्र अंधारात, जेवणं झाल्यावर, अर्धी झोपेत ऐकायची, तिला तात्पर्याची शुद्धच नसायची कारण ऐकणारा तोवर घोरायला लागलेला असायचा.

मधे मासिकं आली, विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' १८८१ला, वा. गो. आपट्यांचं 'आनंद' १९०६ला. टपालाने घरी यायची, शाळेच्या वाटेने नाही. माझ्या मते खरा फरक तिथून पडायला लागला. मुलाच्या नावाने पोस्टमन येणं ही काय चीज असते ते ज्याच्या नावाने आलंय त्यालाच माहीत.


सुतारपक्षी

तात्पर्याला एवढं काय धोपटताय? आम्ही सगळे तात्पर्यावरच वाढलो, काय बिघडलं आमचं?


शाईपेन

@सुतारपक्षी तेच तर धागाकर्ती विचारतायत :) हलके घ्या.


सुतारपक्षी

घेतलं हलकं. पण मुद्दा मागे घेत नाही. लांडगा आला रे आला मधून मी काय शिकलो ते मला आजही आठवतं.


तिरपागडा

काय शिकलात? खोटं बोलू नये? मी शिकलो की गावातली मोठी माणसं दोनदा फसली की तिसऱ्यांदा पोराला लांडग्याच्या तोंडी देतात. पाचवीत असताना हेच उत्तर लिहिलेलं, शून्य मार्क आणि पालकांना चिठ्ठी.


सुतारपक्षी

:)) बरं, हे भारी आहे.


वऱ्हाडी_ठेचा

मी अकोल्याकडचा. आमच्या वेळी धड्यातले, गोष्टीतले पोट्टे म्हणायचे "अगं आई, किती गं छान!" आमच्या घरी असं कोणीच बोलत नसे. मले वाटे हे पुस्तकातले लोक वेगळ्या देशातले असतीन. एका गोष्टीत पोरगा आईला म्हणतो मला शिक्रण हवं. मी मास्तरला विचारलं शिक्रण म्हणजे काय जी? मास्तर चंद्रपूरचे, ते म्हणे, "असंल काही गोड, पुढं वाच."

आता गंमत वाटते पण तेव्हा एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की आपण बोलतो ते चूक आणि पुस्तकात असते ते बरोबर. ते काढायला कॉलेज संपावं लागलं. त्यामुळे कपाट उघडा म्हणणाऱ्यांनो, उघडाच, पण आत बघा त्या ३१२ पुस्तकांत तुमच्या गावातलं एक तरी पोट्टं आहे का. आणि असलं तर ते बिचारं आहे का ते पण बघा. आमच्यासारखे गोष्टीत आलेच तर अनवाणी, आजारी बाप, शेवटी कोणीतरी शहरातला ताई-दादा येऊन वही देते. आरे आम्ही नदीवर पोहायचो, चिंचा पाडायचो, मार खायचो, हसायचो बे. ते कुठं गेलं?


टाचणी

ठेचा, शेवटच्या परिच्छेदाला उभा राहून टाळ्या.

रात्री लिहिणार होतो ते हेच. मुलाला पुस्तकात आरसा पण हवा आणि खिडकी पण, असं रुडीन सिम्स बिशप नावाच्या अमेरिकन बाईंनी १९९०मध्ये मांडलं होतं, कृष्णवर्णीय मुलांच्या संदर्भात. आपल्याकडे काही मुलांना नुसते आरसे मिळाले, त्यांना वाटलं जग म्हणजे आपणच. बाकीच्यांना नुसती खिडकी, तीही दुसऱ्याच्या घराची. आणि ठेचा म्हणतोय तो तिसरा प्रकार, आरसा मिळाला पण त्यात आपलं तोंड कायम रडकं.


खडूफळा

मी शिक्षक आहे, तालुक्याच्या गावी. पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, भाषण नाही, झालेली गोष्ट आहे.

चौथीचा वर्ग. प्राणीदयेची गोष्ट वाचून दाखवत होतो, कोकरू पळून जातं, खाटीक सुरी घेऊन मागे लागतो, एक मुलगी कोकराला कणगीत लपवते वगैरे. चित्रातला खाटीक एकदम राक्षस, डोळे लाल, दातसुद्धा किडलेले. पोरं रंगात आलेली. मागून एक हात वर. "सर, माझे पप्पा खाटीकच आहेत."

वर्ग गार. मी पण गार, खोटं कशाला सांगू. तो उभाच राहिला आणि शांतपणे सांगायला लागला, की पप्पा असे सुरी घेऊन पळत नाहीत, सुरी कापडात गुंडाळून वर ठेवतात, लहान भावाचा हात लागू नये म्हणून. सोलताना कातड्याला भोक पडलं तर कातड्याचा भाव उतरतो म्हणून किती सावकाश सोलावं लागतं ते त्याने हातानं करून दाखवलं. एका मुलीने विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तर म्हणाला, "पहिलं वाटायचं. मी एका बोकडाचं नाव ठेवलं होतं. पप्पा म्हणाले, नाव ठेवायचं नसतं."

त्यानंतर वर्गात जी शांतता होती तशी मी पंधरा वर्षांत ऐकलेली नाही. गोष्टीखाली प्रश्न होता, 'खाटकाचे वागणे योग्य होते का? कारण द्या.' मी ते पान उलटलंच नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच पोराने तेच पुस्तक घरी नेलं. परत आलं तेव्हा बघतो तर चित्रातल्या खाटकाच्या शेजारी बॉलपेनाने तराजू काढलेला, मागे दुकान, दुकानावर पाटी आणि पाटीवर त्याच्या पप्पांचं नाव. डेडस्टॉकच्या भाषेत पुस्तक खराब झालं. मी ते अजून वर्गात ठेवलंय.

आता याला समाजबदल म्हणायचं का मला माहीत नाही. पण गोष्ट चांगली होती म्हणून हे घडलं असंही नाही हं, गोष्ट तद्दन होती!


भिंगरी

खडूफळा, काय लिहावं कळेना. नाव ठेवायचं नसतं. बापरे.


निवृत्त_गुर्जी

ते पुस्तक निर्लेखित, म्हणजे खराब म्हणून वहीतून बाद, करू नका. कधीच.


तिरपागडा

खडूफळांच्या अनुभवाला सलाम करून जरा खडा टाकतो. मला 'सामाजिक बदलासाठी बालसाहित्य' या प्रकाराचीच ॲलर्जी आहे. पूर्वी गोष्टीच्या शेवटी सदाचार असायचा, आता समानता, पर्यावरण, स्वच्छता. मजकूर बदलला, चौकट तीच. मुलगी ट्रक चालवते, मुलगा पोळ्या लाटतो, पान पलटा, प्रश्न एक, 'तुम्ही घरकामात मदत करता का?' अरे पण गोष्ट कुठाय? ट्रक तरी घाटात बंद पडू द्या!

मुलं वास ओळखतात. रानपाखरू यांच्या मुलाने ओळखलाच की. खाटकाची गोष्ट हे त्याचंच उदाहरण आहे, लेखकाला दया शिकवायची होती आणि त्या नादात एका अख्ख्या समाजाचा राक्षस करून टाकला. चांगला हेतू हा बालसाहित्याला लागलेला सगळ्यात चिवट रोग आहे असं माझं मत.


भिंगरी

तिरपागडा, अर्धं पटलं. पण हेतू असलेलं सगळंच पुळचट असतं असं नाही ना. साने गुरुजींचं काय करणार तुम्ही?


तिरपागडा

त्यांनी मला लहानपणी फार रडवलंय. त्यावर मी बोलणार नाही.


शाईपेन

पॉपकॉर्न.


भिंगरी

रडण्याच्या पलीकडे बघा की जरा. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं. त्याच्या आधी अमळनेरला शिक्षक असताना वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे, हाताने लिहून, रोज! आणि हाच माणूस मे १९४७मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. मुलांना गोष्टी सांगणारा आणि बडव्यांना नडणारा माणूस एकच होता. आपण शाळेत त्यातला फक्त आईचा पदर ठेवला आणि उपोषण गाळलं. हा गुरुजींचा दोष की आपला?

दुसरं, 'मुलांसाठी लिहिणं'च का धरायचं? मुलांनी लिहिलेलं पण बालसाहित्यच ना? फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी, तिने लिहिलेला मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. थेट विचारते ती, वेद जर ब्राह्मणांचे तर आमचा धर्म कोणता? त्यात तात्पर्य नाही, प्रश्न आहे, आणि तो पोरीनं मोठ्यांना विचारलाय. शिक्षण, साहित्य, बदल, सगळं एका निबंधात आलं की. आपण अजून 'माझा आवडता पक्षी'च लिहून घेतोय. मोर.


वऱ्हाडी_ठेचा

मोर म्हणजे कंपल्सरी. मी एकदा टिटवी लिहिली तर मास्तर म्हणे अशुभ आहे, मोर लिही.


तिरपागडा

मुक्ता साळवेचा मुद्दा मान्य, बिनशर्त. उपोषणाचाही. रडवल्याचं मात्र माफ नाही.


कागदकातर

मी छपाईच्या धंद्यात आहे, थोडी आतली बाजू सांगतो म्हणजे कपाटात अशी पुस्तकं का येतात ते कळेल.

चार रंगांत छापायचं तर प्रती वाढतील तसा एका पुस्तकाचा खर्च उतरतो, आणि मराठीत रंगीत मुलांचं पुस्तक हजारांनी खपवणं म्हणजे नाकी नऊ येतात. पुस्तकावर जीएसटी नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर आणि छपाईवर असतो, आणि पुस्तक करमुक्त म्हणून तो आम्हाला परत मिळत नाही, किमतीतच जातो. मग प्रकाशक बघतो शाळा खरेदीकडे. शाळा खरेदीत निवडणारा कोण, तर मोठा माणूस. त्याला पाच मिनिटांत शंभर पुस्तकं चाळायची असतात. तो चटकन काय बघतो? शेवटचं पान. तिथे 'मूल्य' दिसलं की टिक. तुमची ती चौकट मुलासाठी नाहीच आहे ताई, ती खरेदी समितीसाठी आहे.

अवांतर: गोष्टींच्या पुस्तकांची पानं सोळा, चोवीस, बत्तीस अशीच का, तर फॉर्म, म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घालायची पानं, तसा पडतो. लेखक मंडळी सदतीस पानांची गोष्ट आणतात आणि एक ओळ कापायला तयार नसतात. आणि एकच पुस्तक अनेक भाषांत काढायचं असेल तर रंगीत चित्रं एकदाच छापून फक्त काळ्या प्लेटवर मजकूर बदलतात. म्हणून अशा पुस्तकांतल्या चित्रात दुकानावर कधी पाटी नसते, बघा आता. खडूफळांच्या त्या पोराने पाटी काढली ती म्हणूनच मला फार लागली.


भातुकली

"चौकट खरेदी समितीसाठी आहे" हे वाचून लख्ख झालं. इतकी वर्षं मी लेखकांवर चिडत होते.


पाडेकरी

पालघर जिल्ह्यातून. माझं काम आश्रमशाळांशी संबंधित आहे म्हणून लिहितो.

ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येईनात, तर यांनी पाड्यातल्या अंगणात बालवाडी भरवली. अंगणवाडी शब्दातलं अंगण ते हे. मोठी मुलं गुरं चारायला जायची तर कुरणशाळा काढली, गुरं चरतायत आणि बाजूला शाळा चालू. मुद्दा असा की त्यांनी मुलाला कपाटापाशी बोलावलं नाही, कपाट उचलून गुरांमागे नेलं.

आता माझा अनुभव. वाडा तालुक्यात क्वेस्ट संस्थेचा गोष्टरंग म्हणून उपक्रम आहे, तरुण कलाकार आश्रमशाळांत जाऊन पुस्तकातल्या गोष्टी नाटकासारख्या करून दाखवतात. एकदा प्रयोग बघायला मी मागे पोरांच्यात बसलो होतो. शेजारची वारली मुलगी, दुसरीतली असेल, अख्खा वेळ माझी बाही धरून होती, ओळख ना पाळख. प्रयोग संपल्यावर बाकीचे खेळायला पळाले, ही पुस्तकं मांडलेल्या सतरंजीवर गेली, तीच गोष्ट शोधली आणि चित्रांवर बोट ठेवत आपल्या बोलीत सगळी परत सांगितली. मला नाही, बाजूच्या लहान पोराला. अक्षर एक वाचत नव्हती. मग एका पानावर अडली. तिथे नाटकात काय झालं होतं ते आठवेना. तेव्हा तिने पहिल्यांदा चित्राखालच्या अक्षरांकडे बघितलं. वाकून, मुंगी बघतात तसं.

वाचायचं कशासाठी हे तिला त्या पानावर कळलं असावं. आम्ही बाराखडी घोकून वर्षभरात जे करत नाही ते.


रानपाखरू

पाडेकरी, मुंगी बघतात तसं... दोनदा वाचलं. सगळ्यांना धन्यवाद, इतकं अपेक्षित नव्हतं.


शाईपेन

धागा फार गंभीर झाला, थोडं हलकं. १५ ऑक्टोबर जवळ आलाय, वाचन प्रेरणा दिन. आमच्या गावातल्या शाळेत त्या दिवशी कपाट उघडतं, पुस्तकं वाटली जातात, मुलं रांगेत बसून वाचतात, फोटो निघतात, पुस्तकं गोळा, कुलूप. मागच्या वर्षी फोटो ग्रुपवर आला आणि पहिल्या रांगेतल्या तीन पोरांची पुस्तकं उलटी होती. कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळ्यांनी अंगठे दिले.


सुतारपक्षी

हाहा. मला वाटतं उलटं धरून पण वाचतील, इतकी भूक असते पोरांना.

बाय द वे फास्टर फेणे कुणीच कसं काढलं नाही अजून? आम्हाला वाचायला कुणी लावलं असेल तर त्या फुरसुंगीच्या बनेशने. भा. रा. भागवतांनी एक तरी तात्पर्य लिहिलंय का?


भिंगरी

मी पण वाचले सगळे, पण दर वेळी सायकल त्याचीच आणि तोंडाने तो ट्टॉक आवाज पण त्यानेच काढायचा. मी घरी बंद दाराआड ट्टॉकची प्रॅक्टिस करायचे.


सुतारपक्षी

माली होती की बरोबर!


भिंगरी

'बरोबर' होती. तेच म्हणतेय :)


टाचणी

आत्ताच्या पुस्तकांत हे बदललंय पण. माधुरी पुरंदरेंची चित्रपुस्तकं बघा, मजकूर आणि चित्रं दोन्ही त्यांचीच, घरातली साधी भांडणं, रुसवे, शेजारपाजार, आणि मोठी माणसं चुकतात सुद्धा. २०१४चं साहित्य अकादमीचं बालसाहित्याचं पारितोषिक त्यांना मिळालं. तिरपागडांच्या ॲलर्जीवर हे औषध देऊन बघा. मुलगी धीट आहे असं कुठे लिहिलेलं नसतं, ती नुसती असते.


तिरपागडा

वाचलीत. म्हणून तर बाकीच्यांवर चिडतो.


निवृत्त_गुर्जी

आता कामाचं. ताई, हे मुख्याध्यापकांना दाखवा.

१. शिक्षण हक्क कायदा २००९च्या परिशिष्टातच आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं हवीत. म्हणजे पुस्तक पोरापर्यंत जाणं ही कायद्याची अपेक्षा आहे, कुणाची हौस नव्हे.

२. व्यवस्थापन समितीत ठराव घ्या की पुस्तकं मुलांना घरी वाचायला द्यायची, आणि वापरून जी फाटतील त्यांचं वर्षाअखेर समितीसमोर निर्लेखन करायचं. ठराव असला की ती जबाबदारी एकट्या गुरुजींच्या डोक्यावर राहत नाही. माझ्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर मी ते कुलूप आणलं नसतं.

३. देवघेव वही पोरांकडे द्या. चौथीची पोरं आपल्यापेक्षा कडक असतात, अनुभवाने सांगतो.

आणि कपाट सोडा, व्हरांड्यात सुतळी बांधा, कपड्याच्या चिमट्यांनी पुस्तकं टांगा. कव्हर दिसलं पाहिजे. कण्याकडून बघून लहान मूल पुस्तक निवडत नाही.


कागदकातर

गुर्जींना जोड, नवीन काही हवं असेल तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५पासून खुल्या परवान्याची पुस्तकं आहेत, मराठीतही. उतरवून घ्या, छापा, कुणी विचारणार नाही. बालभारतीच्या 'किशोर'चे पार १९७१पासूनचे जुने अंक पण ऑनलाइन फुकट आहेत. जवळच्या झेरॉक्सवाल्याशी गोडीत राहा म्हणजे झालं. आणि छापताना शेवटचं पान नाही छापलं तरी चालतंय ;)


रानपाखरू (९ नोव्हेंबर)

धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

ठराव झाला. एका सदस्यांनी विचारलं याने मार्क वाढतील का, मी म्हटलं माहीत नाही, तेही मान्य म्हणाले. सुतळी बांधली. पहिल्या दिवशी पोरं जवळच येईनात, लांबून बघत होती, हात लावला तर ओरडा बसेल असं वाटत असावं. मग पहिलीतल्या एकाने उडी मारून एक ओढलं, चिमटा तुटला, सरांनी काही म्हटलं नाही, आणि मग जी झुंबड उडाली.

देवघेव वही चौथीतल्या दोघींकडे आहे. गुर्जी, कडक म्हणजे किती कडक! सरांनाच पुस्तक उशिरा दिलं म्हणून उभं केलं. हो, सर वाचतायत.

शेवटच्या पानाच्या चौकटीत मुलांनी परस्पर उद्योग सुरू केलेत. 'काय शिकलात' खाली एकाने लिहिलंय 'काही नाही, पण माकड भारी आहे'. दुसऱ्याने त्याखाली, 'हो'. ओळी पाच होत्या, आता उत्तरं अकरा झालीत, समासात चाललीत.

दोन महिन्यांत सात पुस्तकं गायब. पाच सापडली. एक पावसात भिजून लगदा झालं, त्याचं निर्लेखन होईल. सातवं मात्र अडचणीचं आहे. आमच्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या जातात. दिवाळी झाल्यावर एका रात्री ट्रॅक्टर भरून गेले आणि वही सांभाळणाऱ्या दोघींपैकी एक त्यात होती, आईबापाबरोबर. पुस्तक तिच्याकडेच राहिलं. मागे उरलेली मैत्रीण रोज वही उघडून बघते आणि सरांना विचारते, आता काय लिहू? सर मला विचारतात. मी तुम्हाला विचारतेय.


खडूफळा

वहीत पुस्तक 'हरवले' असं लिहू नका.


निवृत्त_गुर्जी

'वाचनास दिले' लिहा. नाव, दिनांक. परतीचा रकाना रिकामा ठेवा, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की टोळी येईल. मार्च-एप्रिल धरा.

आणि मुलीचं नाव पटावरून कमी करू देऊ नका ताई, ते पुस्तकापेक्षा आधी बघा. ती जिथे गेलीय तिथल्या जवळच्या शाळेत बसवता येतं, आपल्या मुख्याध्यापकांनी तिकडच्यांना फोन करायचा.


रानपाखरू

फोन उद्याच करायला लावते. वहीत तसंच लिहून घेतलं. मैत्रिणीने दिनांकाच्या पुढे स्वतःहून 'ट्रॅक्टरमध्ये' असंही लिहिलंय.


वऱ्हाडी_ठेचा

कोणतं पुस्तक नेलं तिनं?


रानपाखरू

माकडाचं.